शाकारणीच्या आधी: सिमेंटचे पत्रे, शिशाचा रंग आणि शेंदूर
(घर आणि इमारत: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

गुहागरजवळ आमचे चिऱ्याचे घर आहे. मुख्य घरावर मंगळुरी कौले आहेत, पण पडवी, गोठा आणि न्हाणीघरावर १९८५ सालचे सिमेंटचे पन्हळी पत्रे आहेत, तीसेक असतील. पावसाळ्याआधी ते काढून रंगीत लोखंडी पत्रे घालायचे आहेत. ठेकेदार म्हणतो, "बोल्ट गंजलेत, फोडूनच पाडावे लागतील, एका दिवसात मोकळं करतो." फोडले तर खरेच धोका आहे का? — एक वाचक, गुहागर

धोका आहे, आणि तो नेमका फोडण्यातच आहे. त्या काळचा सिमेंटचा पन्हळी पत्रा म्हणजे ॲस्बेस्टॉसचा, असेच धरून चाला. वजनाने साधारण दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू, बाकी सिमेंट. पत्रा शाबूत आहे तोवर तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात. घण बसला, करवत चालली किंवा ग्राइंडर लागला की ते सुटतात. डोळ्यांना न दिसणारे हे तंतू तासन् तास हवेत तरंगतात, श्वासाबरोबर फुफ्फुसात खोल जातात आणि तिथेच राहतात. फुफ्फुसाचा कर्करोग, फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग (मेसोथेलिओमा) आणि फुफ्फुस कडक होत जाण्याचा ॲस्बेस्टॉसिस हे त्यातून होणारे आजार २० ते ४० वर्षांनी उघड होतात. आज पत्रे फोडणाऱ्या पोराला उद्या काहीच होणार नाही, म्हणूनच ठेकेदाराला धोका पटत नाही. तुम्ही मात्र त्याला फोडू देऊ नका.

आता कामाची पद्धत. वेळ सकाळची निवडा. पहाटेचे मतलई वारे थांबल्यावर आणि दुपारचे खारे वारे सुरू होण्याआधी जो पडल्या वाऱ्याचा काळ मिळतो, तोच या कामाचा. आदल्या दिवशी गोठा रिकामा करा. गुरे, कोंबड्या, वाळत घातलेले कपडे लांब हलवा. विहीर जवळ असेल तर तिच्यावर प्लॅस्टिक ताणून बांधा. घराची त्या बाजूची दारे-खिडक्या बंद ठेवा. छपराखाली आणि बाहेर सहा-सात फुटांपर्यंत ८०० गेजचा, म्हणजे २०० मायक्रॉनचा, प्लॅस्टिकचा कागद अंथरा. पातळ कागद पहिल्याच तुकड्याने फाटतो.

ओले करायला आंब्याच्या फवारणीचा १६ लिटरचा पाठीवरचा पंप चालतो. मात्र त्यात आधी कीटकनाशक वापरलेले असेल तर तो तीनदा धुऊन घ्या. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन चमचे टाका. नुसते पाणी तंतूंवरून ओघळून जाते, साबणामुळे ते आत भिनते. नोझल बारीक तुषारांचे ठेवा. पाइपाने जोरात धार मारली तर झिजलेल्या पृष्ठभागावरचे तंतू उलट सुटतात.

पहिले काम छपराच्या कडेला पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीचे. पत्र्याची पाठ चाळीस पावसाळे झिजली आहे आणि तिची झीज पन्हळीतल्या काळ्या गाळात बसली आहे. तो ओला असतानाच खुरप्याने काढा आणि पिशवीत भरा. परसातल्या केळीला घालू नका.

मग बोल्ट. खाऱ्या हवेत जे-बोल्ट (पत्रा वाशाला धरून ठेवणारे आकड्याचे बोल्ट) गंजून नटाशी एकजीव झालेले असतात. पान्याने जोर लावला की बोल्टाबरोबर पत्राही पिरगळतो आणि भोकापासून चिरतो. एवढ्यासाठीच ठेकेदार फोडायची भाषा करतो. उपाय साधा आहे. भोकाभोवती भिजवलेला कपडा गुंडाळा आणि बोल्ट-कटरने नट तोडा. कटर पोहोचत नसेल तर खालून, वाशाजवळ, हॅक्सॉच्या पात्याने हूक कापा. बोल्टासाठीसुद्धा ग्राइंडर नको, कारण चकती निसटून पत्र्याला लागतेच. तीस पत्र्यांना शंभर-सव्वाशे बोल्ट धरा. दोन माणसांचे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि तेवढा वेळ ठेकेदाराने द्यायलाच हवा.

पत्रे बसवले होते त्याच्या उलट क्रमाने काढा: आधी माथ्यावरचे कोने, मग वरची ओळ, मग खालची. प्रत्येक पत्रा उचलण्याआधी वरून भिजवा, आणि उचलल्यावर जिथे एकावर एक चढला होता तो भाग पुन्हा भिजवा, कारण तिथे वर्षानुवर्षांची कोरडी धूळ असते. ओढून सरकवू नका, सरळ वर उचला. अडीच मीटरचा पत्रा ३५ किलोच्या आसपास भरतो. दोघांनी धरून परांचीवरच्या माणसाकडे द्यायचा आणि त्याने खाली. वरून टाकायचा नाही, उतरत्या फळीवरून घसरवायचाही नाही.

एक गोष्ट ॲस्बेस्टॉसइतकीच महत्त्वाची. जुन्या सिमेंट पत्र्यावर पाय ठेवू नका. तो आधी वाकून इशारा देत नाही, एकदम फुटतो आणि माणूस थेट खाली येतो. शेवाळाने निसरडा झालेला असेल तर आणखी वाईट. शक्यतो सगळे काम खालून, परांचीवरून करा. वर जावेच लागले तर दीड फूट रुंद आणि किमान तीन वाशांवर टेकेल एवढ्या लांब फळीवरूनच जा. ज्या ओळीवर फळी आहे ती ओळ आधी भिजवू नका, हातातला एकच पत्रा भिजवा.

तोंडाला रुमाल किंवा दवाखान्यातला तीन पदरी मास्क कामाचा नाही. आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला एफएफपी-३ (बारीक धूळ अडवणाऱ्या वरच्या दर्जाचा) मास्क, किंवा पी-३ फिल्टरचा रबरी अर्धमुखवटा हवा. दाढीचे खुंट असतील तर तो कडेने गळतो, म्हणून सकाळी दाढी करूनच कामाला या. अंगात टोपीसह एकदाच वापरायचा झगा, पायात लेस नसलेले गमबूट. काम संपल्यावर आधी झगा ओल्या कपड्याने पुसायचा, उलटा करत उतरवायचा, पिशवीत टाकायचा, आणि मास्क सर्वांत शेवटी काढायचा. हे कपडे घरी नेऊन घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. कामगारांचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना हेच आजार झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. सुट्टीत बिडी ओढणाऱ्याला तर निक्षून सांगा: तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

उतरवलेले पत्रे लाकडी ओंडक्यांवर रचा, पुन्हा भिजवा, ८०० गेजच्या कागदात दोनदा गुंडाळा, चिकटपट्टीने बंद करा आणि बाहेर ठळक लिहा: "ॲस्बेस्टॉस. फोडू नये, उघडू नये." तुकडे वेगळे ठेवा. त्यांच्या धारेने पिशवी फाटते, म्हणून आत जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि बाहेर विणलेली गोणी, एका गोणीत १५-२० किलोपेक्षा जास्त नको. मग वासे-रिपा ओल्या फडक्याने पुसा आणि फडकी त्याच गोणीत टाका. झाडू मारू नका. घरातला व्हॅक्युम क्लीनर तर मुळीच नको. तो तंतू मागच्या बाजूने हवेत सोडतो. हेपा फिल्टरचा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीचा) औद्योगिक व्हॅक्युम मिळाला तर वापरा, नाहीतर ओले फडके पुरते. खालचा प्लॅस्टिकचा कागद शेवटी भिजवून, कडा आत दुमडत गुंडाळा. सगळे मिळून सुमारे टनभर माल होईल. तो कुठे न्यायचा ते पुढच्या एका उत्तरात आहे.

नवा सिमेंटचा पत्रा ॲस्बेस्टॉसविरहित आहे हे दुकानात कसे ओळखावे? — खेड

युरोपीय संघात २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे. आपल्याकडे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे आजही बनतात आणि विकले जातात, त्यामुळे "नवा आहे म्हणजे ठीक" असे नाही. पत्र्यावरच्या आयएसआय शिक्क्याजवळचा क्रमांक वाचा. आयएस ४५९ म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंट. आयएस १४८७१ म्हणजे इतर तंतूंचा फायबर सिमेंट पत्रा. दुकानदाराच्या शब्दापेक्षा हा क्रमांक बिलावर लिहून घ्या.

जुन्या पत्र्याची खात्रीच करायची असेल तर कोपऱ्याचा भाग भिजवून, पक्कडीने दोन इंचांचा तुकडा मोडून, दुहेरी झिपच्या पिशवीत प्रयोगशाळेला पाठवा. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंचा प्रकार कळतो. नुसत्या नजरेने कोणालाच सांगता येत नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या शाळेमागच्या शेडचे पत्रे उडून फुटले. त्या वेळी घाईत तुकडे परसातल्या वाटेवर भराव म्हणून टाकले. आता मुले त्याच वाटेने येतात. जेसीबी लावून उकरावे का? — श्रीवर्धन

जेसीबी नको. जेसीबीचा दात आणि चाके तुकड्यांचा भुगा करतील आणि तो सगळ्या मातीत मिसळेल.

आधी वाट बंद करा. पायाखाली तुकडे घासून झिजतात आणि उन्हाळ्यात ती धूळ उडते. मग जमीन चांगली भिजवा, पाणी मुरू द्या आणि वर दिसणारे तुकडे हाताने वेचा. गुडघ्यावर बसून, मास्क आणि जाड हातमोजे घालून, चार फुटांच्या पट्ट्या आखून एकेक पट्टी पूर्ण करा. दाताळ्याने ओढू नका. वरचा दोन इंच मातीचा थर फावड्याने ओला काढून गोणीत भरा. खोल गेलेले तुकडे उकरत बसण्यापेक्षा जागेवर झाकणे सुरक्षित: वर जाड प्लॅस्टिक किंवा जिओटेक्स्टाइल (जमिनीत अंथरायचे मजबूत कृत्रिम कापड), त्यावर किमान फूटभर माती, आणि माथ्यावर चिरे किंवा फरसबंदी. नुसती माती टाकून थांबू नका. आपल्याकडचा तीन हजार मिलिमीटरचा पाऊस ती दोन वर्षांत वाहून नेईल. कडेला चिऱ्याची ओळ बसवा आणि पाण्याला बाजूने गटार द्या. जागेचा नकाशा शाळेच्या दप्तरात ठेवा, नाहीतर दहा वर्षांनी नळाची पाइपलाइन टाकणारा पुन्हा तिथेच खणेल.

आणखी एक, कारण किनाऱ्यावरच्या गावांत हे सर्रास दिसते. फुटक्या पत्र्याचा तुकडा चुलीखाली, न्हाणीतल्या बंबाखाली किंवा पालापाचोळा जाळायच्या जागी ठेवलेला असतो. आगीत सिमेंटचा पत्रा फटाफट आवाज करत तडकतो, कपच्या उडतात आणि तंतू मोकळे होतात. असे तुकडे आजच काढून घ्या.

गुंडाळलेले पत्रे घ्यायला कोणी तयार नाही. ग्रामपंचायतीची गाडी नेत नाही, भंगारवाला नेत नाही. करायचे काय? — राजापूर

भंगारवाला नेत नाही हे चांगलेच आहे, तो ते दुसऱ्याच्या छपरावर चढवतो. ग्रामपंचायतीच्या कचऱ्यात, खाडीच्या कडेला किंवा बंद चिरेखाणीत टाकणेही चूक आहे. चिरेखाणीत पावसाळ्यात पाणी साठते आणि लोक तिथे गुरे धुतात, कपडे धुतात.

टाकून दिलेले ॲस्बेस्टॉस २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीत आहे. ते घातक कचऱ्याच्या अधिकृत भूमीभरावातच, म्हणजे असा कचरा पुरायच्या खास जागीच, जायला हवे. कोकणाला जवळचे असे केंद्र रायगड जिल्ह्यात तळोजा येथे आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जिल्ह्यातल्या कार्यालयाला लेखी अर्ज द्या. त्यात पत्र्यांची संख्या, अंदाजे वजन, गुंडाळणी कशी केली आहे आणि माल कुठे ठेवला आहे हे लिहा, आणि एक प्रत ग्रामपंचायतीला द्या. वाहतूक अधिकृत वाहनातून आणि फॉर्म १० च्या मॅनिफेस्टसह, म्हणजे माल कुठून कुठे गेला याच्या नोंदीच्या कागदासह, होते. त्याची प्रत जपून ठेवा.

एका घराच्या दहा पत्र्यांसाठी राजापूरहून तळोजापर्यंत गाडी परवडत नाही, ही खरी अडचण आहे. म्हणून वाडीतल्या पाच-सहा घरांनी एकाच हंगामात पत्रे उतरवावेत, माल एका बंद खोलीत ठेवावा आणि ग्रामपंचायतीच्या नावाने एकच फेरी मागावी. गुंडाळलेला माल छपराखाली, जमिनीपासून उंच आणि कुलपात असेल तर काही महिने थांबला तरी बिघडत नाही.

आणि पत्रा शाबूत असेल, गळत नसेल, हाताला भुसभुशीत लागत नसेल, तर यंदा काढायलाच हवा असे नाही. त्यावर भोके पाडू नका, ब्रशने शेवाळ खरवडू नका, प्रेशर पंपाने धुऊ नका. एवढे पाळले तर तो जागेवरच जास्त सुरक्षित आहे.

आमच्या काजू कारखान्यातल्या बॉयलरपासून निघणाऱ्या वाफेच्या जुन्या पाइपांवर पांढऱ्या प्लास्टरसारखा लेप आहे, वर कापड. तो खाली झडतो. फिटर म्हणतो, हातोडीने काढून ग्लासवूल गुंडाळतो. — वेंगुर्ले

फिटरला हात लावू देऊ नका. हे पत्र्यासारखे नाही. पत्र्यात तंतू सिमेंटने बांधलेले असतात. पाइपावरचा लेप बोटाने चुरगळतो, आणि त्यात ॲस्बेस्टॉस असेल तर तो पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त तंतू सोडतो. जुन्या मॅग्नेशिया लेपात १५ टक्क्यांपर्यंत ॲस्बेस्टॉस असे, इतर लेपांत त्याहूनही जास्त.

आजच त्या भागातून वर्दळ थांबवा. काजू सोलणाऱ्या बायका त्याच शेडमध्ये बसत असतील तर त्यांना दुसरीकडे बसवा. पंखे बंद करा. खाली झडलेले ओल्या फडक्याने उचला, झाडू नका. नमुना तपासून घ्या, आणि तो प्रशिक्षित माणसाकडूनच काढून घ्या.

तपासणीत ॲस्बेस्टॉस निघाले तर काम असे व्हायला हवे. बॉयलर पूर्ण थंड. त्या भागाभोवती लाकडी चौकटीवर प्लॅस्टिकची दुहेरी बंद खोली. हेपा फिल्टरच्या यंत्राने आतली हवा सतत बाहेर खेचायची, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमीत कमी ५ पास्कल खाली राहतो आणि फटीतून हवा आत येते, बाहेर जात नाही. प्लॅस्टिकच्या भिंती आत ओढलेल्या दिसल्या पाहिजेत. त्या सैल लोंबत असतील तर काम थांबवायचे. ये-जा तीन कप्प्यांतून: घाणेरडे कपडे, मध्ये आंघोळ, मग स्वच्छ कपडे. लेपात सुईने साबणपाणी भरून तो आतपर्यंत भिजवायचा आणि मगच कापायचा. पाइप छोटा आणि सरळ असेल तर हातमोजे जोडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तेवढा भाग बंद करून काढता येतो. शेवटी हवेचा नमुना घेऊन तंतू मोजल्याशिवाय खोली उतरवायची नाही, आणि मोजणारा ठेकेदाराचा माणूस नको.

ब्रिटनमध्ये असे काम परवानाधारकच करू शकतो. आपल्याकडे त्या धर्तीचा परवाना नाही, म्हणून पारख तुम्हालाच करावी लागते. ठेकेदाराला तीन गोष्टी विचारा: दाब कशाने मोजता, माणसांच्या मास्कची गळती कशी तपासता, मागच्या कामाचा कचरा कुठे गेला त्याचे मॅनिफेस्ट दाखवा. तिन्हींची उत्तरे कागदावर नसतील तर त्याला काम देऊ नका. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला आधी कळवा. बॉयलरच्या दारातली पांढरी वेणीची दोरीही त्याच वेळी तपासून घ्या.

आजोबांच्या वेळच्या सागवानी खिडक्यांना ऑइलपेंटचे पाच-सहा थर आहेत. दर पावसाळ्यात लाकूड फुगून खिडक्या आवळतात, सुतार रंधा मारतो. घरात दीड वर्षाचा नातू आहे. — मालवण

रंधा थांबवा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे सर्रास असे. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांवर भरवसा ठेवू नका. झडप चौकटीला घासते तिथे रंगाचे पीठ होते, ते खिडकीच्या कठड्यावर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. शिशाची सुरक्षित मात्रा ठरलेली नाही, आणि लहान मुलाच्या मेंदूची हानी भरून निघत नाही. नातवाच्या शिरेतल्या रक्ताची शिशासाठी तपासणी करून घ्या. डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार शिसे कुठून येते ते शोधून बंद करावेच लागते.

काढताना झडपा बिजागरीसकट उतरवून अंगणात न्या, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरा. तुषार मारत ओल्या खरवडणीने काढा. कोरडा पॉलिशपेपर, ग्राइंडर आणि ब्लोलँप तिन्ही वर्ज्य. ज्योतीने शिशाची वाफ होते. सगळे थर काढणे झेपत नसेल तर निदान घासणाऱ्या कडा लाकडापर्यंत मोकळ्या करा आणि बाकी घट्ट असलेल्या रंगावर नवा थर द्या. घरातली फरशी आणि कठडे दोन बादल्यांनी पुसा, एक साबणाची, एक स्वच्छ पाण्याची, आणि फडके सारखे बदला. हे पूर्ण होईपर्यंत नातू आणि घरात कोणी गरोदर असेल तर तीही दुसऱ्या घरी राहू दे.

ग्रामदेवतेच्या मूर्तीवर पिढ्यान् पिढ्यांच्या शेंदराचे जाड कवच आहे. जीर्णोद्धारात ते काढायचे ठरले आहे. काढलेला शेंदूर नदीत सोडायची रीत आहे. काही काळजी घ्यावी का? — देवगड तालुका

हा प्रश्न तुम्ही विचारलात याचे आम्हाला फार समाधान वाटते. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा लाल ऑक्साइड. त्यात वजनाने सुमारे ९० टक्के शिसे असते. कवच चाळीस किलोचे निघाले, तर तेल वजा जाताही पंचवीस-तीस किलो शिसे हातात असू शकते. बाजारात आता बिनशिशाचे रंगही शेंदूर म्हणून येतात, पण जुने थर शिशाचेच धरा.

गाभाऱ्यात काम करणारी माणसे मोजकी आणि प्रौढ असू द्या. खाली दुहेरी प्लॅस्टिक, हातात रबरी मोजे, तोंडाला एफएफपी-२ किंवा त्याहून चांगला मास्क. कवचावर पाण्याचे तुषार मारा आणि लाकडी पाचरीने, तडा गेलेल्या जागेतून हळूहळू ढलप्या सोडवा. लोखंडी छिन्नीने दगडावर ओरखडे उठतात. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी पुसू नका. आंबट पदार्थात शिसे विरघळते आणि दगडाच्या छिद्रांत झिरपते. काम चालू असताना तिथे प्रसाद, फुले, पाणी काहीही ठेवू नका. जेवण्याआधी हात-तोंड साबणाने धुवा.

त्याच कारणाने आणखी एक विनंती. शेंदूर चढवलेल्या मूर्तीवरून ओघळलेले पंचामृत तीर्थ म्हणून देऊ नका. दह्याच्या आंबटपणाने शिसे त्यात उतरते, आणि तीर्थ घेणाऱ्यांत लहान मुले असतात. तीर्थाचे पंचामृत वेगळ्या पात्रात ठेवा.

ढलप्या नदीत नकोत. त्याच पाण्यात खाली शिंपले काढतात, मासे धरतात. त्या वजन करून झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात भरा, वर "शिसे" असे लिहा आणि पत्र्यांसारखीच प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत अधिकृत केंद्रात पाठवा. विसर्जनाचा विधी पुजाऱ्यांना विचारून कलशातल्या पाण्याने करता येतो. नव्याने लेप चढवताना शेंदराच्या पुड्यावर शिसे नसल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. विक्रेता देत नसेल तर चमचाभर नमुना स्वतः तपासायला पाठवा.